चुकीच्या शिक्षेचा जाब सरकारी वकिलाला विचारायचा का?

डॉकयार्ड_रोड (धागाकर्ता)

७/११ च्या (जुलै २००६ चे मुंबई लोकलमधले बॉम्बस्फोट) निकालावरचा धागा अपेक्षेप्रमाणे हाणामारीत संपला. त्यात एकाने विचारलेला प्रश्न कोणी हातातच घेतला नाही, म्हणून हा वेगळा धागा. धर्म, पक्ष, अमक्याचं सरकार असतं तर वगैरे सगळं त्या धाग्यावर.

प्रश्न असा. एखाद्याला चुकीची शिक्षा झाली आणि वरच्या कोर्टात ते सिद्धही झालं, तर खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाला काही भोगावं लागावं का? खिशातून भरपाई, सनद रद्द, तुरुंग, काहीही.

७/११ चं उदाहरण मी मुद्दाम बाजूला ठेवतोय. २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. त्यातला एक २०२१ मध्येच तुरुंगात कोविडने वारला होता. पुढच्या तीन दिवसांत सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुटलेल्यांना परत आत जायची गरज नाही, पण हा निकाल मोक्काच्या इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही. सरकार अपिलात गेलंय, तेव्हा त्यावर इथे वाद नको.

नाशिकचं घ्या. जून २००३, एका वस्तीवर दरोडा आणि पाच खून. भटक्या जमातीतले सहा जण पकडले. २००६ मध्ये सेशन्सने सहाही जणांना फाशी दिली. हायकोर्टाने तिघांची फाशी ठेवली, तिघांची जन्मठेप केली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने उलट सहाही जणांना परत फाशी दिली. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने फेरविचारात सगळ्यांना निर्दोष सोडलं. का? तर वाचलेल्या बाईने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटो अल्बममधून चार माणसं ओळखली होती. ती चार माणसं वेगळीच होती. त्या चौघांचं पुढे काहीच केलं नाही.

सोळा वर्षं. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. भरपाई किती? माणशी ५ लाख, तीही सरकारी तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या. मला वाटतं ज्याने तो अल्बमचा जबाब माहीत असूनही फाशी मागितली, त्याच्या पेन्शनमधून ती जायला हवी.

टाचणी

+१. डॉक्टरवर निष्काळजीपणाची केस होते, पूल पडला तर इंजिनिअर निलंबित होतो. वकील माणूस फासावर चढवायला निघाला तरी बदली नाही, काही नाही. वर विशेष सरकारी वकील झाला की टीव्हीवर मुलाखती.

सरतपास

इथे क्वचितच लिहिते, पण हा विषय माझ्या भाकरीचा होता. मॅजिस्ट्रेट कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. कोर्टाचं नाव सांगत नाही.

आधी एक गैरसमज. अमेरिकन मालिकांमध्ये दिसतो तसा आपला सरकारी वकील तपास करत नाही. तपास पोलिसांचा. दोषारोपपत्र दाखल करायचं की नाही हे पोलीस ठरवतात, त्यात आमचं मत घ्यायची सक्ती करता येत नाही असं सुप्रीम कोर्टानेच २००० साली सांगितलंय. पूर्वी तर आम्ही पोलीस खात्याच्याच हाताखाली होतो. १९९५ मध्ये आपल्याच राज्याच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते वेगळं करायला लावलं.

आता प्रत्यक्षात काय होतं ते ऐका. सकाळी बोर्ड बघायचा, पन्नास-साठ केसेस. पैरवी हवालदार बंडल आणून टेबलावर टाकतो, वरची नाडी सुटलेली, पानांचे कोपरे दुमडलेले. साक्षीदार बाहेर बाकावर बसलाय, न्यायाधीश डायसवर यायचेत, आणि तो जबाब मी तेव्हा पहिल्यांदा वाचते. पंचनाम्याची झेरॉक्स अशी की पंचाची सही आहे की शाईचा डाग हे उजेडात धरून बघायचं. दोन वाक्यं साक्षीदाराशी बोलायला मिळाली तर नशीब. त्या बंडलात जे नाही, ते पोलीस ठाण्यात कुठल्या कपाटात पडलंय हे मला कसं कळणार? अल्बमचा जबाब माझ्या बंडलात आलाच नसेल तर माझ्या पेन्शनला हात लावून कोणाला न्याय मिळेल?

टाचणी

ताई, मग "मला हे बंडल आत्ता मिळालंय, वाचल्याशिवाय साक्षीदार तपासणार नाही" असं सांगायचं. खुर्ची कशासाठी आहे?

सरतपास

सांगायचे. मग रोजनाम्यात "सरकार पक्ष तयार नाही" लिहिलं जायचं आणि आतला कच्चा कैदी आणखी एक तारीख आतच. तुम्ही म्हणता त्या खुर्चीवर एक महिना बसून बघा, मग बोलू.

गोरेगाव_पूर्व

(अवांतर) दिंडोशीच्या कोर्टाबाहेर चहा बरा मिळतो, बाकी तिथे काहीच बरं नाही.

पवईची_पूर्वा

अमेरिकेचा उल्लेख आलाय म्हणून. मी तिथे कायदा शिकले, आता इथे कंपनीच्या कामात आहे, फौजदारी बाजू माझी नाही.

तिथला सरकारी वकील खरंच बलाढ्य. आरोप लावायचे की नाही तो ठरवतो, आणि बऱ्याच ठिकाणी तो निवडून येतो. तरीही १९७६ च्या इम्बलर विरुद्ध पॅक्टमन या निकालापासून खटला चालवण्याच्या कामासाठी त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही. पूर्ण संरक्षण. मुद्दाम खोटी साक्ष पुढे आणली तरी. कोर्टाचं म्हणणं, दावे लागायला लागले तर कोणी निर्भयपणे काम करणार नाही, आणि शिस्तभंग व फौजदारी कारवाई आहेच की.

ती किती होते ते बघा. लुइझियानात जॉन थॉम्पसन नावाचा माणूस १८ वर्षं तुरुंगात होता, त्यातली १४ फाशीच्या कोठडीत. गुन्हेगाराच्या रक्तगटाचा अहवाल वकिलांनी दाबून ठेवला होता, तो फाशीच्या तारखेच्या थोडं आधी एका खासगी तपासनिसाला सापडला. ज्युरीने १ कोटी ४० लाख डॉलर दिले. २०११ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द केले.

टेक्सासचं दुसरं टोक. मायकल मॉर्टन बायकोच्या खुनासाठी जवळजवळ २५ वर्षं आत, डीएनएमुळे २०११ मध्ये सुटला. त्याचा सरकारी वकील केन अँडरसन तोवर न्यायाधीश झाला होता. बचावाला उपयोगी कागद दिले नाहीत म्हणून २०१३ मध्ये त्याला शिक्षा झाली. दहा दिवस तुरुंग, ५०० डॉलर दंड, आणि सनद गेली. २५ वर्षांना दहा दिवस! तरी तेवढं होणंसुद्धा तिथे मोठी बातमी होती. माझ्या मते खरा फायदा दुसराच झाला. टेक्सासने त्याच वर्षी कायदा केला की फाइल बचावाला उघडी करायची आणि काय काय दिलं याची नोंद ठेवायची.

डॉकयार्ड_रोड

पूर्वा, छान माहिती. पण "निर्भयपणे काम करणार नाही" हा युक्तिवाद मला पटत नाही. भीती असावीच की थोडी.

सरतपास

डॉकयार्डराव, भीती आहे. फक्त उलट बाजूची आहे.

आरोपी सुटला की सरकारी वकिलाला अहवाल लिहावा लागतो. का सुटला, कोण फितूर झालं, अपील करण्याजोगं आहे का. वर शिक्षेचं प्रमाण किती यावर बैठका. २०१४ च्या किशनभाई निकालात सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की प्रत्येक निर्दोष सुटका तपासा, आणि तपास अधिकारी किंवा सरकारी वकील दोषी असेल तर त्याच्यावर खात्याची कारवाई करा. हेतू चांगला, खालपर्यंत पोचलेला अर्थ एकच: सुटला तर तुझी मान.

आणि शिक्षा झाली तर? अभिनंदनाचं पत्र. ती दहा वर्षांनी हायकोर्टात उलटली तर माझ्याकडे परत कोणी कागदसुद्धा पाठवत नाही. माझ्या किती शिक्षा अपिलात टिकल्या हे मला कोणी विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही शोधायला गेले नाही, कारण तोवर पुढचा बोर्ड समोर होता. ज्या माणसाला फक्त सुटकेचा जाब द्यावा लागतो तो दोन्ही बाजू सारख्या तराजूत कसा तोलेल? दंड करायचा की नाही ते नंतर बघा. आधी उलटलेल्या शिक्षेचाही अहवाल मागा.

टाचणी

हा मुद्दा मानला. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

किल्ला_कोर्टचा_ज्युनिअर

बचावाच्या बाजूने लिहितो. सरतपास मॅडम म्हणतात ते बंडलाचं खरं आहे. पण सगळेच सरकारी वकील अंधारात असतात असं नाही. सेशन्सला, त्यातही मोठ्या खटल्यांत, विशेष सरकारी वकील महिनोन्महिने तपास अधिकाऱ्याबरोबर बसलेले असतात. तिथे "मला माहीत नव्हतं" चालू नये.

आमची रोजची लढाई सांगतो. दोषारोपपत्राबरोबर आरोपीला मिळतात ते सरकार पक्षाला वापरायचे कागद. जे जमा केले पण वापरायचे नाहीत, ते कुठे आहेत हेच कळत नाही. सीसीटीव्हीचं फुटेज घेतल्याचा पंचनामा असतो, फुटेज नसतं. मोबाइलचा सीडीआर (कॉलची नोंद) मागवल्याचं पत्र असतं, उत्तर आलं की नाही ते नसतं. मग अर्ज करा, "से" साठी (सरकार पक्षाच्या म्हणण्यासाठी) तारीख, तपास अधिकारी बंदोबस्तात, पुढची तारीख, तपास अधिकाऱ्याची बदली. तोवर मोबाइल कंपनीकडचा डेटाच गेलेला असतो.

माझ्या सिनिअरकडच्या एका प्रकरणात आरोपीच्या बाजूचा साक्षीदार दोषारोपपत्राच्या यादीत नव्हता. त्याचा जबाब घेतलेला आहे हे कळलं ते दुसऱ्याच जबाबातल्या एका वाक्यावरून: "याबाबत शेजारच्या दुकानदारास विचारले असता." बस, एवढंच. त्या दुकानदाराला आम्ही शोधून काढला, तो म्हणाला, हो, मी पोलिसांना सांगितलं होतं की हा मुलगा तेव्हा माझ्या दुकानात होता. मुलगा सुटला. ते वाक्य लिहिणारा हवालदार जरा हुशार असता तर नसता सुटला.

सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये फौजदारी खटल्यांच्या मार्गदर्शक नियमांत आणि परत २०२२ च्या मनोज निकालात सांगितलंय की सरकार पक्षाने न वापरलेल्या कागदांची आणि वस्तूंची यादी आरोपीला द्यायची. मुंबईत ती न मागता मिळालीय असं माझ्या बाबतीत तरी झालेलं नाही.

माझी मागणी साधी आहे. त्या यादीखाली दोन सह्या. तपास अधिकाऱ्याची: "याशिवाय काही जमा केलेलं नाही." सरकारी वकिलाची: "मी केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजची नोंद) बघितली, याशिवाय काही नाही." मग पुढे कागद निघाला तर जबाबदार कोण हे शोधायला चौकशी समिती लागणार नाही. वकिलाचा युक्तिवाद चुकला, साक्षीदार खोटं बोलला, न्यायाधीशाने चुकीचं मानलं, यासाठी त्याला अजिबात धरू नका. कागद दडवला तर धरा.

सरतपास

ही सही मी केली असती. पण मग ती करण्याआधी डायरी वाचायला वेळ मिळालाच पाहिजे, आणि नाही मिळाला तर सही नाकारायचा हक्कही.

खार_सबवे

मी बऱ्याच दिवसांपासून नुसताच वाचत असतो. ११ जुलैला आमच्या ऑफिसातला एक जण फर्स्ट क्लासमध्ये होता. रोजची ५:५७, त्या दिवशी उशीर झाला म्हणून पुढची. एवढंच सांगतो.

इथे सगळे आरोपींच्या बाजूने बोलतायत, त्याबद्दल तक्रार नाही. पण १८० च्या वर माणसं गेली, आणि हायकोर्टाने लिहिलं की स्फोटात कुठल्या प्रकारचा बॉम्ब वापरला हेसुद्धा सरकार पक्षाला सांगता आलं नाही. ओळख परेड घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याची नेमणूकच संपलेली होती म्हणे. हे वाचून मला कोण निर्दोष यापेक्षा आधी हाच प्रश्न पडला की मग एवढी वर्षं आम्हाला काय सांगत होतात? त्याच्या आईला २०१५ मध्ये आम्हीच जाऊन सांगितलं होतं, निकाल लागला म्हणून. परत जाऊन काय सांगायचं? भरपाई, सनद, तुरुंग जे काय ठरवाल ते ठरवा, पण त्या यादीत आम्हालाही धरा.

डॉकयार्ड_रोड

खार_सबवे, तुमचं बरोबर आहे. मी धागा काढताना ही बाजू विचारात घेतली नव्हती.

मी_जोगेश्वरीचा

प्रकाटाआ.

संपादक

वरचा प्रतिसाद लेखकाने स्वतः काढला आहे, त्यावरचे दोन आम्ही काढले. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

पवईची_पूर्वा

एक शंका, आपल्याकडे यासाठी वेगळा कायदा खरंच लागेल का? खोटा पुरावा रचणं हा गुन्हा आहेच ना?

किल्ला_कोर्टचा_ज्युनिअर

आहे, आणि भलताच कडक आहे. फाशीच्या गुन्ह्यात अडकवण्यासाठी खोटा पुरावा रचला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, आणि त्यामुळे निरपराध माणूस फासावर गेला तर रचणाऱ्यालाही फाशी होऊ शकते. दंडसंहितेचं जुनं कलम १९४, न्याय संहितेत २३०. कागदावर याहून जास्त काय हवं!

पण तक्रार तुम्ही थेट करू शकत नाही. ती कोर्टानेच करायची. सुटलेल्या माणसाने त्यासाठी अर्ज करायचा, म्हणजे पंधरा वर्षांनी घरी आलेल्याने परत वकील लावायचा आणि त्याच पायऱ्या चढायच्या. त्यात सरकारी नोकर असेल तर मंजुरी हवी. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत एक सुधारणा झाली, सरकारने १२० दिवसांत निर्णय दिला नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. विनाकारण अटकेची भरपाई मात्र अजून जास्तीत जास्त हजार रुपये. त्यात बोरिवलीहून फोर्टला तारखांना यायचं भाडंसुद्धा निघत नाही.

विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ वा अहवाल याच विषयावर दिला. चुकीच्या खटल्याची भरपाई ठरवायला जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष न्यायालयं, ठरावीक मुदतीत निकाल, सगळं लिहिलंय. कायदा झालेला नाही.

टाचणी

आणि वरून दबाव आला तर? २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील रोहिणी सालियान यांनी उघड सांगितलं की मालेगाव २००८ च्या बॉम्बस्फोट खटल्यात मवाळ व्हा असा निरोप त्यांना एनआयएच्या (राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या) अधिकाऱ्याकडून आला. एनआयएने इन्कार केला. तो दबाव सोडवण्यासाठीचा होता, अडकवण्यासाठीचा तसाच येत असणार. विशेष सरकारी वकिलाची नेमणूक सरकारच्या हातात. मर्जी गेली की नेमणूक जाते.

सरतपास

म्हणून एमपीएससीतून आलेल्यांना थोडं तरी बरं, नोकरी पक्की असते. नेमणुकीवर आलेल्याला घरचं भाडं आणि सदसद्विवेक एकाच पगारात भागवावं लागतं. सही नाकारायचा हक्क म्हणाले तो याचसाठी.

डॉकयार्ड_रोड

माझं मूळ मत मी बदलतो. पेन्शनवाला मुद्दा फक्त दडवलेल्या कागदापुरता ठेवतो, बाकी मागे घेतो.

पण एक गोष्ट राहते. नाशिकच्या निकालात सुप्रीम कोर्टाने नुसती भरपाई दिली नाही. गृह विभागाच्या मुख्य सचिवांना सांगितलं की हे कोणाच्या निष्काळजीपणामुळे किंवा दोषामुळे झालं ते अधिकारी शोधा आणि खात्याची कारवाई करा. म्हणजे आपण इथे जे मागतोय ते एका खटल्यात तरी आदेश म्हणून उभं आहे. माहिती अधिकारात विचारायचं का? मी मंत्रालयाच्या जवळच कामाला आहे, अर्ज देऊन येतो.

किल्ला_कोर्टचा_ज्युनिअर

जरूर. ऑनलाइनही होईल, पण हाताने द्या आणि पोच घ्या. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात दीडशे शब्दांची मर्यादा आहे आणि एका अर्जात एकच विषय. "का" असा प्रश्न एकही नको, "का" विचारलं की "माहिती या व्याख्येत बसत नाही" असं उत्तर येतं. कागद मागा.

डॉकयार्ड_रोड

मसुदा:

"सर्वोच्च न्यायालयाच्या दि. ५ मार्च २०१९ च्या निकालात (नाशिक, सहा आरोपी, फेरविचार याचिका) दोषी अधिकारी निश्चित करून विभागीय कारवाई करण्याचे निर्देश गृह विभागास दिले आहेत. त्या अनुषंगाने, (१) सुरू केलेल्या चौकशीच्या आदेशाची प्रत, (२) चौकशी अहवालाची प्रत, (३) कारवाई झालेल्या अधिकाऱ्यांची पदनामे व कारवाईच्या आदेशांच्या प्रती, (४) भरपाई अदा केल्याच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात."

सरतपास

(२) मध्ये "व त्यावरील टिपणी" घाला. अहवाल कधी कधी नसतोच, पण टिपणी असतेच, फाइल फिरल्याशिवाय राहत नाही. आणि (३) मध्ये "सरकारी अभियोक्ता असल्यास त्यासह" लिहा. नाहीतर तपास अधिकाऱ्यापुरतं उत्तर देऊन मोकळे होतील.

खार_सबवे

स्टॅम्पचे १० रुपये माझ्याकडून. चर्चगेटला या, देतो.

डॉकयार्ड_रोड

दोन्ही घातलं. दीडशेच्या आत बसतंय. सोमवारी देतो, पोचेचा फोटो इथेच टाकेन.